खुब्याची वाटी आणि मागाचा खड्डा

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, तो खरोखर गोल असतो का, असे मला एका डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी बेळगावात एका शाळेवर गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होतो. दुसरे महायुद्ध चालू होते. विषय माझा होता आणि खुबा माझ्या थोरल्या भावाचा.

आमचे घर खासबागेत, विणकराचे. दारातून आत आले की सोपा, आणि सोप्यात माग. आमच्याकडचे माग खड्ड्यावरचे. विणणारा जमिनीवर खड्ड्याच्या काठाला बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, आणि पायांखालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबत हातांनी आडव्या सुताचा धोटा फेकतो. वडील लवकर गेले. तेव्हापासून त्या काठावर थोरला भाऊ, अण्णा, बसत आला. मी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, सांगलीला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात, किंबहुना आमच्या गल्लीत, पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे सगळे अण्णाच्या मागावर झाले. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही, म्हणून इथे मी लिहून ठेवतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना अण्णाच्या उजव्या खुब्यात पू झाला. ताप महिनोन्‌महिने हटला नाही. जगतो की नाही असे होते, पण जगला. उठला तेव्हा खुबा आखडून सरळ झाला होता, तो तसाच राहिला. त्याला उभे राहता येई, पाय बाजूने फेकत चालता येई, आडवे होता येई. बसता येत नसे.

माणसाला बसता येत नाही म्हणजे काय, हे घरात तसा माणूस असल्याशिवाय कळत नाही. अण्णा कोनाड्यात ताट ठेवून उभ्याने जेवे. कुणाकडे गेला की लोक ‘बसा, बसा’ म्हणत आणि हा खांबाला टेकून उभा राही. माग बंद पडला. वहिनी शेजारच्यांच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरून देऊ लागली. माझी नोकरी लागली होती, उपास पडत नव्हते. पण अण्णा दिवसभर गल्लीच्या तोंडाला उभा असे आणि दुसऱ्यांच्या मागांचे आवाज ऐकून कुणाचा धागा तुटला ते सांगे. विणकरांना ते आवडत नसे.

“तुला काय धंदा न्हाय व्हय रं?” एकदा एकाने आतूनच विचारले.

“हाय की. तुझा धागा मोजूलालोय,” अण्णा म्हणाला.

डॉक्टरांचा लहानसा दवाखाना कॅम्पाच्या रस्त्याला होता. ते विलायतेत शिकून आलेले, पण बोलायला साधे. मी अण्णाला त्यांच्याकडे नेले. मिरजेला जाऊन काढलेला एक्स-रेचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडावर धरला आणि म्हणाले की रोग विझला आहे, आता उरली आहे ती फक्त गोठलेली हाडे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. अण्णाचे गोळा आणि वाटी चिकटून एक झाले होते. ते सोडवून, गोळा पुन्हा गोल करून, वाटी पुन्हा कोरून, मध्ये मांडीवरच्याच एका पापुद्र्याचा तुकडा घालायचा, म्हणजे हाडे पुन्हा चिकटत नाहीत. विलायतेत त्यांनी हे होताना पाहिले होते.

“म्हंजे अस्तर,” अण्णा म्हणाला.

“अगदी अस्तरच.”

अडचण हत्यारांची होती. गोळा घडवायला आतून धारा असलेली एक वाटी लागते, आणि वाटी कोरायला बाहेरून धारा असलेला एक गोळा. विलायती जोड लढाईमुळे येणे शक्य नव्हते, आणि आला असता तरी तो थोराड गोऱ्या माणसांच्या मापाचा.

“हत्यारं इथं करून घेऊ,” डॉक्टर म्हणाले. “पण आधी आकार काय आहे ते कळायला हवं. पुस्तकात ‘गोळा’ असं लिहून मोकळे होतात. तो किती गोळा आहे, कुठं नाही, वाटी किती खोल, कड किती वर, हे मला कुणीतरी मोजून द्या. मास्तर, हे तुमचं काम.”

त्यांच्या कपाटात हाडांचा एक संच होता. मी रोज शाळा सुटल्यावर दवाखान्यात जाऊन मागच्या खोलीत बसू लागलो.

गोलाची एक साधी खूण आहे. मोसंबे कुठूनही सपाट कापा, कापलेली बाजू वर्तुळ दिसते. मोसंबे चेपलेले असेल तर एका बाजूने वर्तुळ दिसेल, दुसऱ्या बाजूने नाही. तेव्हा हाडाच्या गोळ्यावर एक अचूक गोल कडे टेकवायचे आणि दिव्यासमोर धरून सगळीकडे सरकवायचे. कडे आणि हाड यांच्यामधून कुठेही उजेड दिसला नाही तर गोळा गोल. शाळेत वक्रता मोजायचे तीन पायांचे यंत्र होते, पण ते आरसे-भिंगांसाठी. त्याचे पाय इतके फाकलेले की हाडाच्या गोळ्यावर ते उभेच राहीना. म्हणून कडे. आणि लहान कडे म्हटल्यावर मला तान्ह्या मुलांच्या बांगड्यांखेरीज काही सुचले नाही.

बांगडीवाल्याने विचारले, “पोरगी कितीची?”

“पोरगी नाही.”

“मग पोरगा? त्येला काळ्या घाला, दिष्ट लागत न्हाय.”

“पोरगाही नाही. मोजायला हव्यात.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. माझे लग्न व्हायचे होते, आणि बाजारात मला ‘खासबागेतला शिकलेला’ म्हणून ओळखत. दोन दिवसांत आईने मला विचारले की बेळगावात कुणासाठी बांगड्या घेतो आहेस. हाडासाठी, म्हटल्यावर तिने दारातच पाणी आणून ठेवले. त्या दिवसापासून दवाखान्यातून आलो की अंगणात आंघोळ केल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नसे.

बांगड्या कामाच्या निघाल्या नाहीत. त्याच गोळ्यावर बांगडी जागच्या जागी फिरवली की उजेडाची फट बांगडीबरोबर फिरे. म्हणजे वाकडेपणा बांगडीचा होता. मला पितळेची कातलेली कडी हवी होती आणि बेळगावातली लेथ यंत्रे लष्कराच्या कामात अडकलेली. डॉक्टरांनी निपाणीच्या एका कारागिराकडे पाठवले. जैन गृहस्थ, विहिरीवरची ऑइल इंजिने दुरुस्त करणारे, वयाने वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निपाणीची मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना उतरवून ढकलायला लावी.

आप्पांनी कडी कातून द्यायचे कबूल केले. मी नमुन्यादाखल पिशवीतून हाड काढू लागलो तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“मास्तर, हाड आत आणायचं न्हाय.”

“स्वच्छ केलेलं आहे, आप्पा.”

“असूदे. कुणाचं म्हणून मी इचारणार न्हाय, खरं आत न्हाय. मातीचं आणा, मेणाचं आणा, लाकडाचं आणा. तेच्यासारखं दुसरं काय बी आणा, मी करून देतो.”

मग हाड पिशवीत घालून मी ती पिशवी बाहेर लिंबाच्या फांदीला टांगली आणि आत जाऊन बोटांनी आकार दाखवून बोललो. पुढची सगळी ये-जा अशीच चालली. हाडावरून प्लॅस्टरचा ठसा, ठशात मेणाचा गोळा, आणि तो मेणाचा गोळा घेऊन निपाणी. मोटारीत माणसे विचारत की हे काय. मी एकदा खरे सांगितले आणि शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. नंतर ‘शाळेचं सामान’ म्हणू लागलो.

पितळी कडी आल्यावर उत्तर मिळाले. गोळ्याच्या माथ्यावर कडे कुठेही ठेवा, उजेड दिसत नव्हता. मात्र कडे खाली, मानेकडे सरकू लागले की बारीक फट पडे. माथ्यापासून थोडे आतल्या अंगाला बेंबीसारखा एक खळगा होता, तिथे एक बंध चिकटलेला असतो. म्हणजे पुष्कळसा भाग गोल, कडेला किंचित दबलेला. वाटी तर पूर्ण वाटी नव्हतीच. तिच्या आत गुळगुळीत भाग घोड्याच्या नालाच्या आकाराचा, खालच्या बाजूला उघडा, आणि मधला तळ खडबडीत, काही टेकत नाही असा.

वाटीचा मेणाचा ठसा घेऊन तो गोळ्याशी ताडून पाहिला तर वाटी गोळ्याला सैल झाली. एकाच माणसाच्या गोळ्याला आणि वाटीला. मी पुन्हा मोजले, प्लॅस्टर फुगले असेल म्हणून दुसरा ठसा घेतला, तरी सैल. शेवटी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, जिवंतपणी दोन्हींवर कूर्चेचा, म्हणजे गुळगुळीत मऊ हाडाचा, थर असतो. हाड वाळले की तो जातो. ती फट म्हणजे गेलेली कूर्चा. आम्ही मध्ये जो पापुद्रा घालणार होतो, त्याला तेवढी जागा लागणारच होती. फट चूक म्हणून खोडायची नव्हती, हत्यारांच्या मापात धरायची होती.

माप अण्णाच्या चांगल्या, डाव्या खुब्याचे घ्यायचे होते. एक्स-रेचा फोटो म्हणजे सावली, आणि सावली वस्तूपेक्षा मोठी पडते. किती मोठी, हे कळायला मी एक युक्ती केली. आम्ही पुन्हा मिरजेला गेलो आणि फोटो काढताना सांध्याच्या उंचीवर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक रुपया चिकटवला. रुपयाची सावली रुपयापेक्षा जितक्या पटीने मोठी, तितक्याच पटीने गोळ्याची सावली गोळ्यापेक्षा मोठी. भागाकार केला की खरे माप. हे मी आठवीच्या वर्गाला शिकवत असे.

मिरजेच्या गाडीत एका शेतकऱ्याने सरकून अण्णाला जागा केली. अण्णा नको म्हणाला. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा तो रागावलाच.

“बस की रं पावण्या! जागा दिली तर माज करतोस व्हय?”

“बसाय येत असतं तर मिरजेला कशाला आलतो?” अण्णा म्हणाला.

मग त्या माणसाने अख्खी कहाणी काढून घेतली आणि शेवटी तोही उभा राहिला. मिरज येईपर्यंत दोघे उभ्याने बोलत होते.

गोळ्याचे माप ठरले. पुढचा प्रश्न वाटी किती खोल कोरायची. आमच्याकडे या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि अडचण उखळ-मुसळासारखीच आहे. मुसळ उभे आहे तोवर ठीक. तिरके करू लागलो की उखळाच्या काठाला लागते. उखळ जितके खोल, तितके मुसळ लवकर अडते. उथळ केले तर पुष्कळ तिरके होते, पण निसटते. वाटी खोल ठेवली तर पाय निखळायचा नाही पण कमी वाकेल. उथळ ठेवली तर वाकेल, पण निखळायची भीती.

“त्यांना किती वाकायला हवं ते ठरवा,” डॉक्टर म्हणाले.

मी विणकराचा मुलगा. मागावर बसलेल्या माणसाचे चित्र मला डोळे मिटून काढता येत होते. खड्ड्याच्या काठावर बूड, पाय खाली. खुर्चीवर बसल्यासारखेच, म्हणजे काटकोन आणि धोट्यासाठी पुढे झुकायला आणखी थोडे. तेवढे खोल वाटीतही मिळत होते. डॉक्टरांना बरे वाटले. मी तसे आकडे करून आप्पांना पोचवले आणि आप्पांनी मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या कमानीचे पोलाद काढून कामाला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात शेजाऱ्याकडे काही निरोप घेऊन गेलो होतो. ते चहा पिऊन पुन्हा मागावर बसत होते. मी दारात उभा. ते खड्ड्याच्या काठाला आले, उकिडवे बसले, गुडघे छातीला लागले, एक हात जमिनीला टेकला, एक पाय आत सोडला, मग दुसरा, मग बूड काठावर टेकले. झाले. डोळ्याचे पाते लवायच्या आत.

मी लहानपणापासून हे पाहिले होते. कॉलेजात जाईपर्यंत स्वतः करत होतो. पण विणकराच्या घरात ‘मागावर बसणे’ म्हणतात ते बसल्यानंतरच्याला. खड्ड्यात उतरणे आणि बाहेर येणे याला कुणी काम म्हणत नाही, त्याला नावही नाही. माझ्या काटकोनात माणूस आधीच खड्ड्यात होता. तो तिथे पोचला कसा, हे मी मोजलेच नव्हते. खोल वाटीचा खुबा मिळाला असता तर अण्णाला मागावर बसता आले असते, पण मागापर्यंत जाता आले नसते.

दुसऱ्या दिवशी निपाणीला तार केली की थांबा, आणि डॉक्टरांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काही येईना. त्यांनी खड्ड्यावरचा माग कधी पाहिला नव्हता.

“चला, दाखवा,” म्हणाले.

ते आमच्या घरी आले. आईने घोंगडे अंथरले. गल्लीतली माणसे दारात जमली. मी बाभळीच्या लाकडाचा मोठा नमुना केला होता, वाटी, गोळा, तिरकी मान आणि मांडीचा दांडा. तो मी सोप्यात ठेवताच आई ओरडली.

“शिवू नका कुणी! मेल्याचं हाड हाय व्हय रं हे?”

“आई, लाकूड हाय. बाभळीचं.”

“एवढं मोठं हाड कुठल्या मेल्याचं असतंय?” अण्णा म्हणाला. “हत्तीचं?”

डॉक्टरांनी बूट काढले, पाटलोण वर ओढली आणि बंद मागाच्या खड्ड्यात उतरायला निघाले. उकिडवे बसण्याची सवय नव्हती, ते मागे कलले आणि एका हाताने ताण्याचा, उभ्या सुताचा, दांडा धरून कसेबसे आत गेले. दाराआड वहिनी हसली. आत बसल्यावर त्यांनी पट्ट्या दाबून पाहिल्या, पुढे झुकून पाहिले आणि मान हलवली.

“बसणं सोपं आहे,” ते म्हणाले. “मास्तर, आता हे बाहेर कसं यायचं?”

“तेच तर इचारूलालाय त्यो,” अण्णा म्हणाला.

डॉक्टर बाहेर आले नाहीत. खड्ड्यातच कमरेपर्यंत बसून त्यांनी लाकडी नमुना हातात मागितला आणि अण्णाला समजावून सांगितले. वाटीची पुढची कड छाटली की मांडी पुढे, छातीकडे जास्त येईल. म्हणजे उकिडवे बसता येईल, खड्ड्यात उतरता येईल. मांडी घालून बसायचे तर मात्र पाय बाहेर उघडावा लागतो, त्याला वरची-बाहेरची कड आड येते. आणि ती कड छाटायची नाही, कारण उभे राहताना सगळे अंग त्या कडेखाली तोललेले असते. ती गेली तर पाय निसटेल. त्यांनी लाकडी मांडी पुढे वाकवून दाखवली, मग बाहेर उघडून दाखवली. बाहेर उघडताना मान कडेवर टक्‌ करून आपटली.

“म्हंजे मांडी न्हाय,” अण्णा म्हणाला.

“मांडी नाही. आणि पुढची कड छाटली तर खोल वाटीइतकी खात्रीही नाही. चालताना जपावं लागेल. खोल वाटी हवी असेल तर अजून ठेवता येते. चालणं पक्कं राहील, खुर्चीवर बसता येईल.”

आमच्या घरात खुर्ची नव्हती.

आई बोलली. माझ्या लग्नाचे घाटत होते. वडिलांच्या जागी थोरला भाऊ आणि वहिनी पाटावर बसायचे. मांडी नाही म्हणजे पाट नाही, पंगत नाही, देवळात भजनाला बसणे नाही.

“लग्नात पाटावर कोण बसंल रं मग?” तिने विचारले.

“मामा बसतील की.”

“बाप न्हाय, आणि भाऊ असून मामा?”

“आई,” अण्णा म्हणाला, “पाटावर येक दिस बसायचं. मागावर रोज.” मग डॉक्टरांकडे वळून, “पुढची कड काढा तुम्ही. चालाय काय, मला कुठं धारवाडला चालत जायचं हाय?”

मला विचारले असते तर मी खोल वाटी म्हणालो असतो. माझी नोकरी होती, घर चालत होते, आणि माझ्या आकड्यांनी पाय निखळायची भीती वाढणार होती. पण मला कुणी विचारले नाही आणि ते योग्यच झाले. डॉक्टरांना बाहेर काढायला दोघे लागले.

नवी मापे घेऊन निपाणीला गेलो. आप्पांनी हत्यारांचा जोड पुरा केला, मेणाच्या गोळ्यावर चालवून दाखवला आणि धारांवर तेल लावून फडक्यात बांधून दिला. मी मजुरी विचारली तर म्हणाले, “ह्येनं माणूस बसला तर सांगा.” एवढेच.

शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. मी बाहेर बाकावर होतो. आतून हातोडीसारखे आवाज येत राहिले, मग बराच वेळ काही नाही. नंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की गोळा छान सुटला, मापे बरोबर आली. पुढे कितीतरी आठवडे अण्णाच्या पायाला वजन टांगलेले होते. जखम एकदा चिघळली, आठवडाभर कुणाला अन्न गोड लागले नाही, मग ती भरून आली. मग हालचाल. सकाळ-संध्याकाळ मी त्याची मांडी धरून वाकवायचो आणि तो माझ्या शिक्षणाला नावे ठेवायचा.

“बी. ए., बी. एस्सी., आणि काय काय शिकलास, पाय पिळायचं कुठल्या वर्गात शिकवलं रं?”

पाय वाकू लागला. काटकोन आला. घरी खाटेच्या काठावर तो पहिल्यांदा बसला तेव्हा वहिनी आत जाऊन चुलीपुढे बसून राहिली. काटकोनाच्या पुढे आणखी थोडा वाकला आणि मग थांबला. आम्ही महिने घालवले. गुडघा छातीकडे येईना. लाकडी नमुन्यात तो पुष्कळ पुढे जात होता, पण नमुन्याला मांस नव्हते, आतून आवळलेल्या जखमेचे वण नव्हते. मी दोन पृष्ठभागांचा हिशेब केला होता, तो बरोबर होता. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाड कुठेच अडत नाही, हे एवढेच मिळेल.

म्हणजे अण्णाला बसता येत होते आणि मागावर जाता येत नव्हते. त्याने प्रयत्न केले. खड्ड्याच्या काठाशी हात टेकून वाकायचा, अर्ध्यावर अडकायचा, घामाघूम होऊन उभा राहायचा. एकदा शेजाऱ्यांनी दोन्ही काखांत धरून त्याला आत सोडले आणि त्याने थोडे विणले. पण नंतर बाहेर काढायला पुन्हा हाका मारायला लागल्या. त्यानंतर तो म्हणाला, “पाळण्यातलं पोरगं न्हवं मी,” आणि खड्ड्याकडे गेला नाही.

मी काही दिवस तो नमुना समोर ठेवून बसत होतो. पुढची कड आणखी छाटून उपयोग नव्हता, ती अडतच नव्हती. जमीन आणि खड्ड्याचा तळ यांच्यामधली उंची आहे तशी धरली की मांडी इतकी वाकलीच पाहिजे, हे कागदावर पुन्हा पुन्हा येत होते. ही उंची मी दर वेळी आहे तशीच धरत होतो. ती आजोबांनी खणलेली होती. तिला हात लावता येतो असे माझ्या मनात आले नव्हते.

एका रविवारी मी कुदळ घेतली आणि मागाच्या उजव्या बाजूची खड्ड्याची कड खणायला लागलो.

“काय करूलालास रं?” आई आतून धावत आली.

“कड छाटूलालोय.”

“हितं घरात? तुझ्या आज्जानं केलेला खड्डा हाय त्यो!”

अण्णा दारात उभा होता. तो बघत राहिला, मग त्याला कळले, आणि त्याने सांगितले की आणखी उजवीकडे घे, तिथं पाय फिरवाय जागा पायजे. दुपारपर्यंत सोप्याच्या जमिनीतून खड्ड्याकडे उतरत्या दोन रुंद पायऱ्या झाल्या. वरच्या पायरीवर उभ्याने उतरायचे, खालच्या पायरीवर उभे राहून बूड काठाला टेकायचे, आणि पाय उचलून पट्ट्यांवर घ्यायचे. काटकोनाच्या थोडेसेच पुढे. उकिडवे बसायची गरज नव्हती. पायऱ्यांना शेणमातीने लिंपून दोन दिवस वाळू दिले.

अण्णा उतरला, बसला, बाहेर आला. पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा उतरला तो वरच आला नाही. वहिनीला हाक मारून म्हणाला, कांड्या आण.

पुढे तो विणत राहिला. सकाळचा वेळ विणायचा, दुपारी खुबा दुखू लागे, मग थांबायचा. थंडीत जास्त दुखे. पाय एकदाही निखळला नाही. डॉक्टर येऊन पायऱ्या बघून गेले, स्वतः उतरले आणि या खेपेला स्वतःच बाहेर आले. आप्पांना मी पत्राने कळवले की माणूस बसला.

त्या पायऱ्या मात्र बाहेरून आलेल्या माणसाला दिसत नसत. उन्हातून आत येणारा, सोप्याच्या अंधारात पहिले पाऊल टाकणारा, हटकून तिथे ठेचाळे. पाहुणे, फेरीवाले, माझ्या सासरची माणसे, सगळे. आई प्रत्येक वेळी कपाळाला हात लावी.

“डाक्टरनं तुझं हाड कापलं,” ती अण्णाला म्हणे, “आणि ह्येनं माझं घर कापलं.”

“सावकाश या हो पावणं,” अण्णा मागावरून ओरडे, धोटा न थांबवता. “डावीकडनं. तुमच्या न्हवं, माझ्या डावीकडनं!”